घर कुणाकडून घेतलंत?

जेरॉड होल्डर ते चित्र घेऊन आला तेव्हा अर्सुला गिटन्सची कढई नुकतीच तापली होती. मंगळवार, सकाळचे सहा. पायलट्स गॅप या गल्लीच्या तोंडाशी गोदीतले सात-आठ हमाल, दोन टॅक्सीवाले आणि रात्रपाळी संपवून आलेला कंपनीचा एक पहारेकरी, असे सगळे पावात दोन-दोन माशाचे वडे घालून घ्यायला उभे होते. अशा वेळी अर्सुलाशी कुणी बोलत नाही. खारवलेला मासा, मैदा, मिरची, पातीचा कांदा असं ते सैलसर पीठ चमच्यानं तेलात सोडताना तिचा हात तालात चालतो, आणि मध्ये कुणी तोंड घातलं की ती चमच्यासकट वळते. सगळ्या ब्रिजटाउनला हे ठाऊक आहे. पण जेरॉड इंग्लंडात शिकून आलेला, त्याला कोण सांगणार? त्यानं ते हातभर लांबीचं चित्र थेट तिच्या घराच्या खिडकीच्या फळीवर ठेवलं, तेही पावांच्या टोपलीवर.

"आंटी, बघा तरी. तुमचंच घर आहे."

अर्सुलानं चमचा बाजूला ठेवला आणि पाहिलं. घर तिचंच होतं. तेच उतरतं छप्पर, त्याच झडपा, खिडक्यांवरच्या त्याच लाकडी झालरी. रंग मात्र गुलाबी, बघूनच दात आंबावेत असा. मागे पांढरंशुभ्र जहाज. पुढं पायरीवर एक गुबगुबीत म्हातारी, डोक्याला चौकड्यांचा रुमाल बांधून, तोंड भरून हसत बसलेली. दारावर पाटी होती, 'आजीचं घर'.

"ही बाई कोण?"

"तुम्हीच, आंटी."

"माझे पुढचे दोन दात पडलेत. हिचे बत्तीसच्या बत्तीस दिसतात."

हमाल हसले. जेरॉडही हसला, कारण बिचाऱ्याला वाटलं की काम सोपं होतंय. मग त्यानं सगळं समजावून सांगितलं. जुन्या जकात गोदामापासून गॅपपर्यंतचा सगळा किनारा त्याच्या कंपनीनं घेतलाय, सहलीच्या जहाजांसाठी. लंडनला राहणाऱ्या अ‍ॅश्बी घराण्यानं जमीन विकली. गोदामांची दुकानं होणार, सगळीकडे पांढरी फरशी, कुंड्यांमधून नारळ. पहिलं जहाज येत्या सोमवारी, त्या दिवशी मंत्री येऊन फीत कापणार. गॅपमधली बाकी चार घरं कुजली होती, ती पाडली, माणसं मिळालं ते घेऊन गेली. पण हे एक घर मात्र जसंच्या तसं ठेवायचं. अर्सुलाला बेटाच्या पार उत्तर टोकाला, सेंट लूसीत, एक खोली मिळेल. आठवड्यातून तीन दिवस गाडी तिला आणील. तिनं पायरीवर बसायचं.

"आणि वडे?"

"वडे हॉटेलच्या स्वयंपाकघरातून येतील. पाहुण्यांच्या पोटाचं बघावं लागतं ना. तुम्ही फक्त बसायचं आणि हसायचं. एवढं सोपं काम कुणाला मिळतं?"

"हा रुमाल कसला?"

"पारंपरिक पोशाख, आंटी."

"कुणाच्या परंपरेतला? असे रुमाल तिकडं शेजारच्या सेंट लूशिया बेटावरच्या बायका बांधतात. त्यांना शोभतात. माझ्या आईनं कधी बांधला नाही, तिच्या आईनं बांधला नाही."

"पाहुण्यांना काय कळतंय त्यातलं."

"त्यांना नाही कळत. तुला कळतं ना?"

जेरॉडनं घड्याळाकडं पाहिलं. अर्सुलानं चित्र उचललं, पावांवरचे रंगाचे कण फुंकून काढले आणि ते त्याच्या हातात नीट परत दिलं.

"जमीन अ‍ॅश्बींकडून घेतलीत. बरं. घर कुणाकडून घेतलंत?"

तो लहान मुलाकडे बघावं तसं तिच्याकडे बघायला लागला. "आंटी, घर जमिनीवरच आहे ना? जमिनीवर जे उभं आहे त्या सगळ्यासकट व्यवहार झालाय. कागदावर तसंच लिहिलंय. रविवारपर्यंत किल्ली द्या म्हणजे झालं."

एका हमालाचा घास तोंडातच राहिला. टॅक्सीवाल्यांनी एकमेकांकडे पाहिलं. आता ह्याला काय म्हणावं? ज्या बेटावर पिढ्यान् पिढ्या घर माणसाचं आणि घराखालची जमीन साहेबाची, तिथं जन्मलेल्या पोरानं असं बोलावं? मळ्याच्या मालकानं चालता हो म्हटलं की घर सोडवायचं, गाडीवर चढवायचं आणि दुसरीकडे नेऊन उभं करायचं, म्हणून तर ही घरं अशी बांधली. खाली पाया नाही. प्रवाळाचे सुटे दगड मांडायचे आणि वर लाकडी घर नुसतं टेकवायचं. आणि हा जेरॉड काही उपरा नव्हे. त्याचा आजा एव्हर्टन होल्डर, ज्या सुतारानं अर्ध्या बेटाची घरं हलवली, त्यानंच त्या कमाईतून शेवटी स्वतःला भिंतीचं घर बांधलं. नातू त्या भिंतींत वाढला आणि सगळं विसरला.

"रविवारपर्यंत ना," अर्सुला म्हणाली. "बरं."

आणि तिनं पुढचा चमचा तेलात सोडला.

*

कढई घासून झाल्यावर ती बदामाच्या झाडाखाली गेली. एव्हर्टन तिथं दुपारी डॉमिनो खेळतो. वय एक्याऐंशी, दोन्ही गुडघे कामातून गेलेले, पण सोंगटी आपटतो तेव्हा टेबल अजून हादरतं.

"मास्टर, माझं घर उतरवायला किती वेळ लागेल?"

एव्हर्टनचा हात हवेतच थांबला. गेल्या तीस वर्षांत त्याला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

"तुझ्या बापाचं? सकाळी सहाला हात घातला तर दुपारपर्यंत खाली. अंधार पडायच्या आत दुसरीकडे उभं. माणसं पाहिजेत वीसेक. का गं, कुणी सांगितलं उतरवायला?"

"तुमच्या नातवानं." तिनं सगळं सांगितलं, दातांसकट आणि रुमालासकट.

एव्हर्टननं सोंगट्या पालथ्या घातल्या. "जमिनीवरच्या सगळ्यासकट? असं म्हणाला तो?"

"कागदावर लिहिलंय म्हणाला."

"हे ऐकायच्या आधी मेलो असतो तर बरं झालं असतं."

"मेला असता तर माझं घर कोण उतरवणार?"

म्हातारा हसला, मग डोळे पुसत बसला. हसण्यानं पाणी आलं की आणखी कशानं, ते तिनं विचारलं नाही. तो घराचा एकेक सांधा आठवून बोलायला लागला. हे घर दोनदा हललेलं होतं. आधी सेंट थॉमसच्या मळ्यातून खेचराच्या गाडीवर, नंतर अर्सुला सहा वर्षांची असताना ट्रकवर. त्या वेळी खालच्या बाजूला हात लावायला एव्हर्टन स्वतः होता, अर्सुलाच्या बापाच्या हाताखाली. प्रत्येक भिंतीच्या आतल्या कोपऱ्यात पटाशीनं खाचा मारलेल्या आहेत, एकीला एक, दुसरीला दोन. खाचेला खाच जुळवत गेलं की घर आपोआप उभं राहतं.

"पण ठेवणार कुठं?" एव्हर्टननं विचारलं.

उत्तर दोघांनाही माहीत होतं, म्हणून दोघंही तिकडंच बघत होते. रस्त्याच्या पलीकडे, कंपनीच्या नव्या फाटकाच्या बरोबर समोर, गवताचा एक तुकडा. त्यात खुंटीला बांधलेली एक मेंढी. जागा क्लेमेंटिना यारवुडची.

"दुसरं काहीतरी सुचवा, मास्टर."

"दुसरं काही असतं तर मी तुझ्या तोंडाकडे बघत बसलो असतो का?"

*

अकरा वर्षं अर्सुला क्लेमेंटिनाशी बोलली नव्हती. झालं होतं एवढंच, की एका रविवारी चर्चच्या दारात बायका टोप्या सावरत बाहेर पडत असताना क्लेमेंटिना सगळ्यांच्या देखत म्हणाली, हल्ली अर्सुलाच्या वड्यात मासा शोधायला होडी काढावी लागते. क्लेमेंटिनाही त्या काळी वडेच विकायची, पलीकडच्या कोपऱ्यावर. बायका हसल्या. अर्सुलानं दुसऱ्या रविवारपासून चर्चमधला बाक बदलला, आणि त्यानंतर समोरून क्लेमेंटिना आली की ती रस्ता ओलांडायची. एवढ्याशा गोष्टीसाठी अकरा वर्षं? हो, एवढ्याशाच. ज्याच्या जिवाला लागतं त्यालाच ते कळतं.

बुधवारी संध्याकाळी ती यारवुडांच्या व्हरांड्याच्या पायऱ्या चढून उभी राहिली. क्लेमेंटिना तुरीच्या हिरव्या शेंगा सोलत होती. तिनं मान वर केली नाही.

"मिसेस गिटन्स. वाट चुकलात की काय?"

"नाही. तुमच्याकडेच आलेय."

"म्हणजे कुणीतरी मेलं."

"कुणी मेलं नाही. तुमची ती फाटकासमोरची जागा मला हवीय. घर ठेवायला."

दाणे टपटप भांड्यात पडत राहिले. "ऐकलं मी. तुम्हाला बाहुली करून पायरीवर बसवणार म्हणे. चांगलं आहे की. बसल्या जागी पगार."

"तुम्ही बसाल?"

"मला कोण बसवतंय? माझ्या तोंडाकडे बघून जहाज मागे फिरेल." तिनं टरफलं झटकली. "ती जागा माझ्या आज्यानं पनामाला कालवा खणून घेतलीय. दोन बोटं तिकडंच ठेवून आला तो. कंपनीची माणसं तीनदा येऊन गेली. तिन्ही वेळा मी म्हटलं, मेंढीला विचारा. आणि तुम्ही अशा हात हलवत येणार, अकरा वर्षांनी, आणि म्हणणार जागा द्या?"

"भाडं सांगा."

"भाडं नको मला. एका प्रश्नाचं उत्तर द्या. त्या दिवशी चर्चच्या दारात मी जे बोलले, ते खरं होतं की खोटं?"

अर्सुलाच्या अंगाचा तिळपापड झाला. मान खाली घालायची तयारी करून ती आली होती, पण हे फारच झालं. ती वळली, दोन पायऱ्या उतरलीसुद्धा. खोटं, एवढं म्हणायला काय लागतं? अकरा वर्षं ती तेच म्हणत आली होती. मग तिला चित्रातली म्हातारी आठवली, बत्तीस दात दाखवत बसलेली. हसत हसत खोटंच वागायचं असेल तर जेरॉडची पायरी काय वाईट होती?

"खरं," ती तशीच पाठमोरी म्हणाली. "नवरा अंथरुणाला खिळला होता. मासा परवडत नव्हता. निम्म्याहून जास्त मैदा घालत होते मी. गिऱ्हाइकाच्या हातात वडा ठेवताना लाज वाटायची मला, दर वेळी वाटायची. आणि ती लाज तू सगळ्यांसमोर उघडी केलीस, क्लेमेंटिना."

दाण्यांचा आवाज थांबला.

"वेंडल आजारी होता हे मला ठाऊक होतं," क्लेमेंटिना म्हणाली. "मैदा का वाढला तेही कळत होतं. तरी बोलले. कारण त्या आठवड्यात माझ्या वड्यांकडे कुत्रं फिरकलं नव्हतं. तू नुसता मैदा तळलास तरी लोक तुझ्याच खिडकीशी उभे. माझं पित्त खवळलं." तिनं शेंगांची टोपली पायानं पुढं सरकवली. "वर ये. अर्ध्या तू सोल."

अर्सुला बसली. दोघी सोलत राहिल्या. शेवटी क्लेमेंटिनाच म्हणाली, "मेंढी तिथंच राहील. आणि तुझ्या खिडकीची अर्धी फळी माझी. मी मॉबी विकणार."

"तुझं ते सालीचं सरबत? कडूजहर असतं ते."

"मॉबी कडूच असते, बाई. तू कुठं मोठी गोड लागून गेलीस?"

*

शनिवारी सकाळी सहाला पायलट्स गॅपमध्ये छत्तीस माणसं होती. गोदीतले हमाल, मासळीबाजारातल्या बायका, टॅक्सीवाले, आणि काही जण असे की ज्यांना अर्सुला नावानंही ओळखत नव्हती. घर हलणार एवढंच त्यांच्या कानावर गेलं होतं. कुणाच्या आईचं घर असंच हललं होतं, कुणी लहानपणी खिळ्यांची बादली धरून उभा राहिला होता. एव्हर्टन रस्त्याच्या मधोमध खुर्ची टाकून बसला, हातात काठी. रमची बाटली उघडली, पहिला घोट जमिनीला, दुसरा एव्हर्टनला, आणि बाटली बंद.

"घर उभं राहिल्यावर बाकीची," तो म्हणाला. "प्यायलेल्या माणसाला खाच दिसत नाही."

कोळशाची शेगडी अर्सुलानं पहाटेच पेटवली होती. घर हलेस्तोवर शेगडी विझू द्यायची नाही, तिच्यावरचं पातेलं उतरवायचं नाही, हा तिच्या आईचा नियम. पातेल्यात तूर-भात शिजत होता, क्लेमेंटिनाची तूर आणि अर्सुलाचा तांदूळ. शेगडी सांभाळायला क्लेमेंटिना बसली आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला टोमणे मारायला लागली.

आधी झडपा निघाल्या, मग छपराचे पत्रे. आठ वाजता अर्सुला निजायच्या खोलीत गेली आणि वर पाहिलं तर आभाळ. याच खोलीत वेंडल गेला, याच कोपऱ्यात तिनं त्याचे पाय चोळले. तिला रडू आलं आणि तिनं ते लपवलं नाही. खांद्यावर वासा घेतलेला एक हमाल दारात थांबला.

"आंटी, थांबू का?"

"थांबतोस कशाला? मी रडतेय, माझे हात नाही रडत. तो वासा खाली ने."

दहाच्या सुमाराला जेरॉड आला. फिका सूट, मागे दोन पहारेकरी. तोवर छप्पर नव्हतं आणि रस्त्याकडची भिंत दोन माणसांच्या हातात होती.

"थांबा. सगळे थांबा. ही कंपनीची मालमत्ता आहे."

लोक थांबले, पण ते एव्हर्टनकडे बघून. एव्हर्टननं काठीनं नातवाला जवळ बोलावलं.

"आजोबा, तुम्ही यात पडू नका."

"आयुष्यभर मी यातच पडलोय. वाक जरा. घराखाली बघ."

"आजोबा..."

"वाक म्हणतो ना."

जेरॉड वाकला. सूटला माती लागू नये म्हणून त्यानं गुडघ्याखाली रुमाल टाकला, ते बघून मासळीवाल्या बायका एकमेकींना कोपरानं ढोसायला लागल्या.

"काय दिसतं?"

"दगड."

"सिमेंट दिसतं?"

"नाही."

"जमिनीत गाडलेला खांब? सळई? एखादा खिळा तरी?"

"नाही. नुसते दगड आहेत."

"मग हे घर तुझ्या जमिनीला कुठं धरलंय, ते आम्हाला दाखव. जिथं धरलं असेल तेवढं आम्ही सोडून जातो."

जेरॉड उठला, गुडघे झटकले आणि त्यानं फोन काढला. कंपनीचा वकील गावातलाच, सत्तरीचा माणूस. सगळ्या गॅपला जेरॉडचंच बोलणं ऐकू येत होतं. हो. नाही, पाया नाही. सुटे दगड. हो, लाकडीच. हो, अ‍ॅश्बींना फक्त जमिनीचं भाडं जायचं. मग तो बराच वेळ नुसता ऐकत राहिला. पलीकडून कुणी तरी खो-खो हसल्याचा आवाज आला आणि जेरॉडचे कान लाल झाले. त्यानं फोन खिशात टाकला.

"काय म्हणतात वकीलसाहेब?" अर्सुलानं विचारलं.

"ते म्हणतात..." त्यानं आजोबांकडं पाहिलं. "त्यांच्या आईचं घरही दोनदा हललं होतं म्हणतात."

कुणी हसलं नाही. पहारेकऱ्यांपैकी एक, रोज सकाळी दोन वडे खाणारा, त्यानं टोपी काढून पँटच्या मागच्या खिशात कोंबली आणि भिंतीचं रिकामं टोक धरलं. "तीन खाचांची आहे ही," तो म्हणाला. "चारची आधी जाऊ द्या." त्याच्या मागोमाग दुसऱ्यानंही टोपी काढली. जेरॉड थोडा वेळ तिथंच उभा होता. मग पांढऱ्या फरशीवरून परत गेला, आणि जाताना त्यानं तीनदा मागे वळून पाहिलं.

शेवटी दगड उरले. हमाल म्हणाले, राहू द्या आंटी, तिकडं दुसरे मिळतील.

"एकसुद्धा ठेवायचा नाही," अर्सुला म्हणाली. "माझ्या आईनं डोक्यावरून आणलेत ते."

भिंती हातोहात रस्ता ओलांडून गेल्या. पोलिसानं दोन्ही बाजूंची वाहतूक आपणहून थांबवली, आणि थांबलेल्या बसमधले लोक खाली उतरून एकेक फळी घेऊन चालायला लागले. सगळ्यात मागून अर्सुला आणि क्लेमेंटिना, दोन्हीकडून कान धरून, पेटलेली शेगडी घेऊन. दोघी एकमेकींना हळू चाल, नीट धर म्हणून शिव्या घालत होत्या.

दगड मांडून होईपर्यंत एक वाजला. एव्हर्टनची खुर्ची गवतात आली.

"अर्सुला, तोंड कुणीकडं करायचं घराचं? फाटकाकडं केलंस तर जहाजाची माणसं सरळ तुझ्या खिडकीवर येतील. चार पैसे जास्त मिळतील."

तिनं फाटकाकडं पाहिलं. मग गोदीच्या रस्त्याकडं, जिथून रोज सकाळी तिची गिऱ्हाइकं येतात.

"गोदीकडं तोंड. फाटकाकडं पाठ."

"नीट विचार कर."

"सत्तेचाळीस वर्षं गोदीवाल्यांना वडे दिलेत मी. आता त्यांनी माझ्या मागल्या बाजूला येऊन मागायचे?"

क्लेमेंटिनानं शेगडीवरूनच आवाज दिला. "आणि कपड्यांची दोरी मागल्या बाजूला बांधा. माझ्या चादरी आहेत, हिचे परकर आहेत. चांगलं वारं लागेल."

*

सोमवारी जहाज आलं. बँड वाजला, मंत्र्यांनी फीत कापली, पांढऱ्या फरशीवर टोप्या घातलेली पाहुणे मंडळी सांडली. त्यांच्या हातातल्या कागदावर गुलाबी घराचं चित्र होतं. घराच्या जागी मातीचा एक फिका लांबट चौकोन होता, साठ वर्षं ऊन-पाऊस न लागलेला. कंपनीला वेळ कुठं होता? त्यांनी त्या चौकोनाच्या मधोमध एक खुर्ची ठेवली आणि खुर्चीवर चौकड्यांचा रुमाल बांधलेली एक बाई बसवली. घर नाही, पायरी नाही, दार नाही. ती बाई उन्हात बसून हसत होती आणि लोक तिच्या आजूबाजूला घर शोधत होते.

फाटकातून बाहेर पडलं की समोर अर्सुलाच्या घराची पाठ आणि दोरीवर फडफडणारे परकर. साडेअकराला जेरॉड रस्ता ओलांडून आला.

"आंटी, निदान ती दोरी काढा. मंत्री विचारतायत हे काय आहे."

"माझे धुतलेले कपडे आहेत, सांग."

"घर वळवता नाही येणार का? मी माणसं देतो. पैसे देतो."

"घर हलवता येतं, हे कळलं म्हणायचं तुला." तिनं कढईतले वडे परतले. "येतं की वळवता. पण माझं घर आहे, आणि मला वळवायचं नाही. तू खाल्लंस का काही सकाळपासून?"

तो गेला नाही. रांगेत हमाल होते, टोप्या खिशात घातलेले दोन पहारेकरी होते, आणि वासाच्या मागं घराला वळसा घालून आलेले चार-पाच पाहुणेही होते. जेरॉड सगळ्यांच्या मागं जाऊन उभा राहिला. फळीच्या दुसऱ्या टोकावरून क्लेमेंटिनानं त्याच्या हातात मॉबीचा पेला दिला. त्याचं तोंड वाकडं झालं, आणि तिनं ते डोळे भरून पाहिलं.

बाराला बँडवाले जेवायला गेले तेव्हा खुर्चीवरची बाईही आली. पन्नाशीची, घामानं निथळत होती. रांगेतल्या लोकांनी तिला पुढं जाऊ दिलं. अर्सुलानं तिच्याकडे नीट पाहिलं. हिच्याही पुढच्या एका दाताची जागा रिकामी होती, आणि सकाळपासून ती तोंड मिटून हसत होती.

"कुठली गं तू?"

"सेंट फिलिपची. तीन दिवसांचं काम म्हणाले. घराच्या सावलीत बसायचं म्हणाले होते." तिनं मान खाली घातली. "रागावू नका, मॅडम. मला माहीत नव्हतं की ते तुमचं..."

"तुझ्यावर कशाला रागावू? पावात दोन घालू की तीन?"

"तीन."

तिनं पहिला घास घेतला, डोळे मिटले, आणि दुसऱ्या हातानं मानेमागची गाठ सोडून डोक्यावरचा रुमाल काढला. केसांना वारा लागला तसा तिनं मोठा श्वास सोडला. रुमाल कुठं ठेवावा ते तिला कळेना, म्हणून तो तिनं खिडकीच्या फळीवर टाकला. मग ती जेरॉडच्या शेजारी गवतात बसून खायला लागली. मेंढी येऊन तिचा पाव हुंगू लागली.

तेल फार तापलं होतं. अर्सुलानं रुमाल उचलला, कापड बोटांत चोळून पाहिलं, चारपदरी घडी घातली आणि त्यानं कढईचे दोन्ही कान धरून ती खाली उतरवली.

"चांगला जाड आहे," ती क्लेमेंटिनाला म्हणाली. "हात भाजत नाही."